ठिय्या

२ जानेवारी

टकळे,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडता बाजूला ठेवशील, याची मला कल्पना आहे. ठेव. फक्त फेकू नकोस. कागदाला घाई नसते, हा त्याचा मोठा गुण. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डापुढे उभं आयुष्य गेलं, जगाची घाई कानात ओतून घेतली. आता मला घाई नसलेल्या वस्तूच बऱ्या वाटतात.

कारण घडलं म्हणून लिहिते. घरात एक कुत्री आली आहे.

हसलीस? हस. लहानपणी तू पिल्लू मागितलंस तेव्हा मी तुला केवढं भाषण दिलं होतं! गळ्यात पट्टा अडकवून प्रेम करता येत नाही. प्राणी काय नि मूल काय, कुणी कुणाच्या मालकीचं नसतं. तुझे बाबा जेवता जेवता म्हणाले होते, "अगं, पोरगी पिल्लू मागतेय. ठराव मांडत नाहीये." पिल्लू काही आलं नाही. मालकीचं ते वाक्य मात्र तू मनावर घेतलंस. जरा जास्तच.

तर ही कशी भेटली ते सांगते. सकाळी चालायला म्हणून बाहेर पडते ती पाय आपोआप जुन्या एक्स्चेंजकडे वळतात. इमारत आता गोदामाला दिली आहे. गेटावर नवा रखवालदार, त्याला मी कोण हे ठाऊक नाही, आणि का ठाऊक असावं? ज्या दगडावर उभी राहून मी गेट-सभा घ्यायचे, तो दगड अजून तिथेच आहे. त्या दगडापुढे, रस्त्याच्या बरोबर मध्यावर, ही बसली होती. पिवळट करडी, एका कानाचा शेंडा तुटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मागे मालाचा ट्रक. ट्रकवाला हॉर्नवर हात दाबून बसलेला, रखवालदार "हाड, हाड" करत घसा फोडतोय, आणि ही ढिम्म. ट्रककडे पाठ करून समोर बघत बसलेली. माझ्याकडे.

अख्ख्या हयातीत मी असं बसायला माणसांना शिकवलं. हॉर्न वाजू दे, शिव्या पडू दे, जागा सोडायची नाही. किती जणींना जमलं? पहिली काठी आपटली की निम्म्या पांगायच्या. आणि ही रस्त्यावरची कुत्री, ना संघटना, ना झेंडा, एकटी बसली आहे. शेवटी ट्रकलाच वळसा घालावा लागला. मी हात पुढे केला तशी ती उठली, आणि घरापर्यंत माझ्या मागे आली.

नाव ठेवलं ठिय्या. दुसरं कुठलं शोभलं असतं?

इमारतीत कुरबूर सुरू आहे. जिन्यात वास मारतो म्हणे. मला तर कसलाच वास येत नाही. डॉक्टरीणबाईंचंही म्हणणं आहे की कुत्र्याचे केस मला बरे नाहीत. त्यांना काय, त्यांना सगळंच बरं नसतं.

फोन मी उचलत नाही, हे खरं आहे. त्याचा तू जो अर्थ काढायचा तो काढ. हल्ली मला फोन नकोसा वाटतो एवढंच समज. आणि मोबाईलवर दोन-दोन ओळी पाठवायच्या तर दोन ओळींत मावेल असं माझं काही नसतं, हे तुला माहीत आहे.

उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

आई


२५ जानेवारी

टकळे,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तू लिहितेस: "फोन उचलायचा नाही आणि पानंच्या पानं लिहायची. म्हणजे तुझं तेच. तू बोलणार, समोरच्यानं ऐकायचं. आता कुत्रीला ऐकव. तिला कुठे उलट बोलता येतं?"

वाक्य चांगलं जमलं आहे. शेवटी प्रश्न ठेवून टाळी घ्यायची ही युक्ती कुणाकडून उचललीस ते मला कळतं.

पण तुझी माहिती चुकली आहे. मी कुत्रीशी बोलत नाही. मी कुणाशीच बोलत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझा गळा कापला. घशात गाठ होती, वाईट होती, स्वरयंत्र मुळासकट काढावं लागलं. आता मानेच्या खालच्या बाजूला एक भोक आहे, त्यातून मी श्वास घेते. त्यावर पातळ फडकं बांधते. जीव शाबूत आहे. आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही.

कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आली असतीस. दयेपोटी आलेली माणसं मला आवडत नाहीत, आणि तुझी तर मुळीच चालली नसती. बास. यावर आणखी काही लिहिणार नाही, आणि तूही लिहू नकोस.

मात्र या अवस्थेतल्या गमती सांगते, कारण त्या सांगायला दुसरं कुणी नाही. हवा नाकातून जातच नाही, म्हणून वास येत नाही. शेजारीण नाकाला पदर लावून जिना चढते तेव्हा कळतं की ठिय्या घाण करून आली. गरम दुधावर फुंकर घालता येत नाही. हसले तर मानेतून नुसती हवा फसफसते. रडण्याचं मी करून पाहिलेलं नाही. आणि गळ्यात पाटी घेऊन फिरते, खडूची, तू शाळेत नेत होतीस तसली. पाटीवर माझं वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा दोनदा "बरं बरं" म्हणून निघून गेलेला असतो. मैदानं गाजवलेली बाई मी! आता अर्ध्या वाक्यापर्यंतही श्रोता टिकत नाही.

आणखी एक. मला बोलता येत नाही म्हणून लोक माझ्याशी ओरडून बोलतात. आमचे चेअरमन तर जिन्यात दिसले की हात कर्ण्यासारखे तोंडाशी धरतात. "ताई! जेवलात! का!" अहो, गळा गेलाय, कान जागेवर आहेत. पण हे पाटीवर लिहीपर्यंत ते खाली पोचलेले असतात.

या सगळ्यांत ठिय्या एकटी अशी की जी बघते. मी ओठ हलवले की तिची नजर ओठांवर, हात उचलला की हातावर. तळवा खाली केला की बस. दोन बोटं छातीला लावली की ये. मूठ उघडली की जेवण. बोर्डावर नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवायला मला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्म्यात ती शिकली. मी पाव कुस्करत नुसते ओठ हलवून तिला सगळं सांगते: पगारवाढीचा लढा, तुझा जन्म, बाबांचं आजारपण. ती नजर काढत नाही. असा श्रोता मला हजारांच्या गर्दीत मिळाला नव्हता.

आणि बाणेदार किती! वरच्या मजल्यावर भिंत फोडायचं काम चाललं होतं. शेजाऱ्यांचा पांढरा झुबकेदार कुत्रा भिऊन पलंगाखाली शिरला, दोन दिवस जेवला नाही. ठिय्या बरोबर त्याच खोलीच्या खाली पाय ताणून झोपलेली. दडपशाहीची तिला सवय असावी.

एकच दुःख आहे. नाव एवढं छान ठेवलं, पण हाक कोण मारणार? दवाखान्यातून मला एक यंत्र दिलं आहे, टॉर्चएवढं. गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की घरघरत शब्द उमटतात. न्हाणीघरात दार लावून मी एकदा लावून पाहिलं. ऐकलं, आणि लगेच बटण सोडलं. तुझ्या कंपनीने बनवलेल्या यंत्राचा आवाज तो. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा." ज्या आवाजाने आमचा बोर्ड बंद पाडला, आमच्या सगळ्या पोरी घरी बसवल्या, तो आवाज मी माझ्या गळ्याला लावू? कपाटाच्या खणात टाकलं आहे, जुन्या हेडफोनाशेजारी. दोघं भांडत असतील.

शेवटच्या गेट-सभेत मी म्हणाले होते, "ज्यांनी हा निर्जीव आवाज घडवला, ती माझी कुणी नव्हेत." तू गर्दीत मागे उभी होतीस, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी तेच बोलले असते. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

आई


१२ फेब्रुवारी

टकळे,

रविवारी फोन वाजला. वाजत राहिला. एवढा वेळ धीर धरून वाजवणारी तूच. मी रिसीव्हरवर हात ठेवून उभी होते, त्याची थरथर तळव्याला लागत होती. उचलून करणार काय? शेजारीच ठिय्या निजलेली, तिनं कानसुद्धा हलवला नाही. मी मनात म्हटलं, बघ, हिला माझी बाजू कळते.

आता मुद्द्याचं. ठिय्यावर संकट आहे.

आमच्या वर विमावाले राहतात. विम्याचे कागद घेऊन दिवसभर स्कूटरवर फिरत असतात, माणूस तसा सरळ. परवा सकाळी ते फाटकातून आत येत होते आणि ठिय्या वाटेत बसली होती, तिच्या नेहमीच्या जागी, उन्हात. त्यांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला. ही हलली नाही. त्यांना वाटलं शेवटच्या क्षणी उठेल. उठली नाही. त्यांनी स्कूटर वळवली ती पाण्याच्या पिंपावर. मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. मी धावत खाली गेले तेव्हा ते जमिनीवर बसून ओरडत होते, "माजलीय! डोळ्याला डोळा भिडवून बसली होती माझ्या! गुंडासारखी!"

वाईट वाटलं मला, नाही असं नाही. त्यांच्यासाठी दूध-अंडी घेऊन गेले, पाटीवर क्षमा मागितली. त्यांच्या बायकोने अंडी घेतली, दार लावून घेतलं.

संध्याकाळी चेअरमन दारात.

"ताई! कुत्री! तुमची! आहे का!"

मी पाटीवर लिहिलं: ती कुणाच्याही मालकीची नाही. स्वतंत्र आहे.

त्यांनी ते नीट वाचलं. पहिल्यांदाच एवढं शेवटपर्यंत वाचलं असेल. मग ओरडायचं विसरून, साध्या आवाजात म्हणाले, "मग मिटलंच की. कुणाची नाही म्हणजे पालिकेची. बुधवारी गाडी येते मोकाट जनावरं न्यायला, सांगून ठेवतो."

मी हात आडवा केला. भराभर लिहिलं: सभा बोलवा. असा निर्णय एकट्याने घेता येत नाही.

"मंगळवारी घेतो सभा. पण तुम्ही बोलणार कशा?" आणि मग त्यांना आपणच काय बोललो ते कळलं. बिचारे चप्पल न घालताच निघाले, जिन्यातून परत आले, चप्पल घातली, गेले.

नियम असा आहे. ज्या कुत्र्याला मालक आहे, ज्याच्या गळ्यात पट्टा आहे, त्याला गाडी नेत नाही. नुसतं "माझी आहे" म्हणायचं आणि वहीत सही करायची. तळमजल्यावरची शिंपीण मला म्हणालीसुद्धा, "मावशी, म्हणून टाका ना एकदाचं माझी. तुमच्या बापाचं काय जातंय?" तोंड फाटकं आहे तिचं, पण मन मोठं. मी लिहिलं: तत्त्व जातं. ती म्हणाली, "तत्त्व राहील आणि कुत्री जाईल. मग दोघं बसा समोरासमोर, तुम्ही आणि तत्त्व."

मालक या शब्दाविरुद्ध मी आयुष्यभर लढले. मालक म्हणजे ज्याला विकता येतं, बांधता येतं, हाकलता येतं. ठिय्याच्या बाबतीत तो शब्द मी वापरला तर मी ज्याला ज्याला विरोध केला त्या सगळ्यांनी जिंकल्यासारखं होईल. तेव्हा मी ठरवलं आहे, पटवून देऊन जिंकायचं. भाषण लिहून काढलं आहे. शिंपीण वाचून दाखवणार आहे. भाषणाचा गाभा हा: रस्ता यंत्रांचा की जिवांचा? हॉर्न ही आज्ञा आहे, आणि आज्ञा न मानणं हा गुन्हा नाही. ही मुकी कुत्री आपल्या सगळ्यांपेक्षा ताठ कण्याची आहे. शेवट असा बांधला आहे की दगडाला पाझर फुटेल.

तालीम घेतली. शिंपीण तोंडात टाचण्या धरून वाचते. "यंत्रांचा की" म्हणून थांबते, दोरा ओवते, मग "जिवांचा" म्हणते. मी मांडीवर हाताने ताल धरून दाखवला. ती म्हणाली, "मावशी, ब्लाउज शिवायला घेतलेलाय, त्याला पण जीव आहे."

तुझ्या घराला अंगण आहे असं तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. मी काही मागत नाहीये. नुसतं कळलं, एवढंच.

पण एक तुला लिहून ठेवते, म्हणजे कुठेतरी लिहिलेलं राहील. तिला नेलं, तर या घरात मी ओठ हलवल्यावर वळून बघणारं कुणी उरणार नाही. भाषणात हे घातलेलं नाही. भाषणात ते बसत नाही.

आई


१९ फेब्रुवारी

टकळे,

सभा झाली. क्रमाने सांगते, मध्येच पानं उलटू नकोस.

खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. चेअरमननी हौसेने माइक आणि कर्णा भाड्याने आणला होता. वीसेक माणसांना माइक कशाला, पण मी समोर बसणार म्हणून असेल. प्रतिपक्षाचा मान राखायचा तर असा. कर्णा एका स्टुलावर होता आणि स्टुलाखालच्या सावलीत ठिय्या अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. आरोपी कठड्यातच निजलेला. मी म्हटलं, काय हा निर्भयपणा!

विमावाले आधी बोलले. हात गळ्यात अडकवलेला. जे घडलं ते त्यांनी खरं खरं सांगितलं, वाढवलं नाही. "मी इतक्यांदा हॉर्न दिला. माणूस असतं तर बहिरं झालं असतं. ती बघत बसली. मला सांगा, उद्या लहान मूल गेलं अंगावर तर?" लोकांनी माना डोलावल्या. मलाही पटण्यासारखं होतं, हेच वाईट.

मग शिंपीण उठली. टकळे, माझी भाषणं पोलिसांनी अडवली, पावसाने अडवली, एकदा तर सांडाने. पण शिंपिणीने जे केलं ते कुणी केलं नव्हतं. जिथे चढायचं तिथे ती उतरली. "हॉर्न ही आज्ञा आहे" हे तिने "हॉर्न ही आज्ञा आहे?" असं, स्वतःलाच शंका आल्यासारखं वाचलं. "ताठ कण्याची" इथे मागून कुणीतरी म्हणालं, "कुत्री की मावशी?" आणि सगळे हसले. मी पहिल्या रांगेत बसून माझी वाक्यं एकेक करून पडताना पाहत होते. उठून कागद हिसकावून घ्यावा असं वाटत होतं. घेऊन काय केलं असतं?

शेवटच्या परिच्छेदाला शिंपिणीला वाटलं, आता जोर लावावा. तिने माइक उचलला आणि बोलत बोलत कर्ण्याच्या अगदी समोर गेली.

माइक कर्ण्यासमोर नेला की काय होतं ते तुला सांगायला नको. असा काही किंकाळला तो कर्णा, की कानात सुई जावी. माणसांनी कान दाबून घेतले, कुणाचं तान्हं भोकाड पसरून रडायला लागलं, गच्चीवरची सगळी कबुतरं एकदम उडाली, झुबकेदार कुत्र्याने वरून घर डोक्यावर घेतलं. शिंपिणीच्या हातातून माइक पडला तरी ते किंचाळणं थांबेना. चेअरमननी धावत जाऊन वायर उपटली.

आणि मग शांत झालं. त्या शांततेत सगळ्यांची नजर हळूहळू एकाच ठिकाणी गेली.

स्टुलाखाली ठिय्या झोपली होती. पोट वरखाली होत होतं. तुटका कान तसाच पडलेला.

विमावाले उठले. तिच्यामागे जाऊन वाकले, आणि चांगल्या हाताने प्लास्टरवर टकटक केलं. मग चुटकी. मग "ए!" म्हणून ओरडले. काही नाही. मग त्यांनी पाय हलकेच जमिनीवर आपटला. तशी ती दचकून उठली, मागे वळली, त्यांना पाहिलं आणि शेपूट हलवायला लागली.

"अहो," विमावाले म्हणाले, अगदी हळू, "ही बहिरी आहे हो. ठार बहिरी आहे. मी हॉर्न वाजवत होतो, आणि हिला..." ते तिच्यापुढे खाली बसले.

लोक माझ्याकडे बघायला लागले. शिंपीण म्हणाली, "मावशी, तुमच्याच घरात राहते ना ही? तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. मला कसं कळणार? कुत्रं बहिरं आहे हे हाक मारल्यावर कळतं. मी हाक मारलीच कुठे? माझ्याकडे हाकच नाही. ती ट्रकला डरली नाही, भिंत फोडण्याला डरली नाही, तुझ्या फोनला डरली नाही. मी तिच्या कण्यावर व्याख्यान लिहिलं. तिला ऐकूच येत नव्हतं, आणि मी तिला माझ्या पक्षात घातलं. ती माझ्या ओठांकडे टक लावून बघायची, ते माझे विचार पटत होते म्हणून नव्हे. तिला तेवढंच तर होतं बघायला.

मला वाटलं आता सुटली. पण चेअरमन काही वाईट माणूस नाही आणि मूर्ख तर नाहीच. ते म्हणाले, "बहिरी असेल तर जास्तच अवघड आहे, ताई. आज स्कूटर होती, उद्या ट्रक असेल. हिला बघायला कुणी नको का? कुणाची तरी हवी ना ती? कुणाचीच नसेल तर मी काय करू, सांगा." ओरडले नाहीत. घड्याळाकडे पाहिलं. "सकाळी गाडी येईल."

भाषणातलं एकही वाक्य या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. मी पाटी उचलली. खडूचा तुकडा शिंपिणीच्या पायाखाली चुरला होता.

मी वर गेले. लोकांना वाटलं, रागावून गेले. कपाटाचा खण उघडला, ते यंत्र घेतलं आणि खाली आले. धाप लागली होती, फडक्यातून शिट्टीसारखी हवा येत होती. सगळ्यांसमोर फडकं बाजूला सारलं, यंत्र गळ्याला टेकवलं आणि बटण दाबलं.

"माझी."

घरघर झाली नुसती. चेअरमन म्हणाले, "काय?" यावेळी हात तोंडाशी न्यायचे विसरले.

"ती. माझी. आहे."

असा आवाज, टकळे, की ज्यात चढ नाही, उतार नाही, धार नाही, काही नाही. मैदानात टाकला असता तर कुणी मान वळवली नसती. पण कुणी हसलं नाही. मी वहीत सही केली. "मालकाचे नाव" असा रकाना होता. त्यातही लिहिलं.

विमावाल्यांनी डाव्या हाताने साक्षीदार म्हणून सही केली. म्हणाले, "मावशी, फाटकाशी एक पाटी लावू. कुत्री बहिरी आहे, हॉर्न वाजवू नका, उतरून बाजूला करा." शिंपिणीने उरलेल्या लाल कापडाचा पट्टा शिवून दिला, दुहेरी टीप मारून. पट्ट्याबद्दलचं माझं ते जुनं वाक्य मी तिला कधीतरी पाटीवर लिहून दाखवलं होतं; बांधताना म्हणाली, "बघा, पट्टा घातला आणि अजून प्रेम करतेय."

सकाळी गाडी आली, पट्टा पाहिला, गेली.

आई


२० फेब्रुवारी

टकळे,

कालचं पत्र पेटीत टाकायला निघाले होते, पण एक राहिलं, म्हणून पाकीट परत उघडलं.

काल दुपारी ठिय्या सोफ्यावर माझ्याशेजारी होती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर, थेट मानेला टेकलेलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं असतं तर फाडून खाल्लं असतं मला. यंत्र तिपाईवरच पडलं होतं. सहज म्हणून गळ्याला लावलं आणि तिचं नाव घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"ठिय्या."

तिने डोकं उचललं. माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग पुन्हा आपणहून डोकं मानेला टेकवून वाट बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं. तिचे डोळे मिटले आणि शेपूट सोफ्यावर आपटायला लागली. तिला ऐकू नाही येत. पण ते यंत्र जे थरथरतं ना, ते माझ्या हाडातून तिच्या हाडात जात असणार. माझा जुना आवाज, ज्याच्यासाठी लोक उन्हात उभे राहायचे, तो तिच्यापर्यंत कधीच पोचला नसता. हा पोचतो.

मग मी तिला बराच वेळ नावाने हाका मारत बसले. दुसरं काही बोलले नाही.

तुझ्या यंत्रांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पोरींच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच, आणि त्यावर मी तुझ्याशी भांडणार आहे. पण समोरासमोर, आणि तू बोलत असताना मध्ये तोंड घालणार नाही. घालायचं म्हटलं तरी बटण सापडेपर्यंत तुझं अर्धं सांगून झालेलं असेल.

रविवारी फोन कर. उचलेन. आधी थोडा वेळ काही ऐकू येणार नाही, मी यंत्र शोधत असेन. मग घरघर येईल. तुला वाटेल कुठल्यातरी कंपनीत लागला.

फोन ठेवू नकोस. ती मी आहे.

आई